चार गाड्या, चार बोटं

पहिल्या फेरीत चारही गाड्या वल्लरीवरून गेल्या आणि ती चार बोटांनी आखूड झाली.

लागलं तिला कुठेच नाही. गाड्या तिच्या अंगाला शिवल्यासुद्धा नव्हत्या. गोधडीची कड एका बाजूला दुमडून फुगली होती. त्या फुगवट्यावरून एकेक गाडी उडाली, झोपलेल्या पोरीच्या पोटावरून हवेतून गेली आणि पलीकडे फरशीवर उतरून टीव्हीच्या टेबलाकडे पळाली. आधी लाल, मग निळी, मग हिरवी, आणि सगळ्यांत शेवटी, कशीबशी, पिवळी. पिवळी मृण्मयीची होती.

वल्लरी झोपेतच होती. पण तिचा गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक आता घोट्यापर्यंत आला होता, आणि हे त्या खोलीत फक्त मृण्मयीला दिसलं. बघणं हेच तिचं गेल्या चौदा महिन्यांचं काम होतं. तिने एका हातात रिमोट धरून दुसऱ्या हाताने उशीखालची टेप ओढली. शिवणाची टेप त्या घरात शिवणासाठी नव्हतीच कधी. दर रविवारी आंघोळीनंतर वल्लरीची उंची मोजायची आणि डॉक्टरांनी दिलेल्या कार्डावर टिंब द्यायचं, यासाठी ती होती. कार्डावर पाच वाकड्या रेघा होत्या आणि वल्लरीचं टिंब कायम खालून दुसऱ्या रेघेच्या जरा खालीच पडायचं. डॉक्टर म्हणत, छान आहे, उगीच काळजी करू नका. मृण्मयी घरी येऊन ते टिंब पुन्हा बघायची.

सकाळी साडेबहात्तर सेंटिमीटर भरली होती. आता साडेपासष्ट भरली.

"आई, ही कमी झाली," मृण्मयी म्हणाली.

सासूबाई दिवाणावर बसून सुपात गवार मोडत होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून नातीकडे पाहिलं आणि शेंगेचं टोक खुडलं. कोणीतरी ओलांडलं असेल, म्हणाल्या.

गाड्या गेल्या वरून, मृण्मयीने सांगितलं. चार.

"मग चार बोटं. माणशी एक बोट जातं, तसंच गाडीमागे." सासूबाईंनी पुढची शेंग घेतली. "ओलांडलंय ना? मग परत उलटं ओलांडायला लाव. ज्याने ओलांडलं त्यानेच."

गेल्याच आठवड्यात मृण्मयीचा नवरा सारंग चार्जर घ्यायला घाईघाईत वल्लरीवरून पाय टाकून गेला होता, तर सासूबाईंनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवून त्याला आल्या पावली परत फिरवला होता. ओलांडलं की पोर वाढत नाही म्हणे. मृण्मयी तेव्हा हसली होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई, उंची आईबापांवर जाते, आई, म्हणाली होती. आज ती हसली नाही. हातात टेप होती आणि टेप खोटं बोलत नव्हती.

गेम सारंगचा होता, शाळेतला. सकाळी माळा आवरताना खोक्यात सापडला: पांढरं पिवळट पडलेलं यंत्र, वायरवाले दोन रिमोट आणि एक कॅसेट. कॅसेटमध्ये फुंकर मारून त्याने ती बसवली, आणि टीव्हीवर रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत लागली. पूर्वी यात एका गोऱ्या माणसाची बाग यायची, त्यात गाड्या पळायच्या. आज मृण्मयीचाच हॉल आला. तीच फरशी, तोच दिवाण, त्याच गवारीची पडलेली टोकं. सारंगने डोळे बारीक करून पाहिलं आणि चित्र तेव्हापेक्षा बरंच सुधारलंय, एवढंच म्हणाला. पडद्याच्या कोपऱ्यात गाड्या चालवणाऱ्यांचे चार चौकोन होते. तिघांत टोपी घातलेली पोरं, रिमोट धरून समोर बघणारी. चौथ्यात केसांना क्लिप लावलेली बाई. ती खाली बघत होती.

शर्यत पाच फेऱ्यांची. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून पॅसेज, न्हाणीघराचा उंबरा, मग बेडरूममध्ये पलंगाखालून, गॅलरीतून परत हॉलमध्ये, दिवाणाखालून, वल्लरीवरून, आणि टीव्हीच्या टेबलापाशी फेरी पूर्ण. पडद्यावर गाड्या स्वयंपाकघरात शिरल्या की स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज यायचा.

आताही तिकडूनच येत होता. दुसरी फेरी सुरू झाली होती.

सारंग उठून बटण बंद करायला गेला. सासूबाईंनी नुसतं सूप खाली ठेवलं, तर तो थांबला. "मध्येच बंद केलंस तर राहील ती एवढीच," त्या म्हणाल्या. "अर्धवट काही सोडू नये."

त्याने हात मागे घेतला. मृण्मयीने वल्लरीला उचलून घेतलं. ट्रॅकवरून पोर उचललं की झालं, असं तिला वाटलं. पण पडद्यावर ट्रॅकही उचलला गेला. हिरवी गाडी सोफ्याच्या पायाने चढली, मृण्मयीच्या मांडीवरून हातावर आली, मनगटापासून कोपरापर्यंत गेली आणि वल्लरीच्या कपाळावरून उडून पलीकडच्या खांद्यावर उतरली. चाकं थंड होती. तिने पोरीला परत गोधडीवर ठेवलं. बाकीच्या दोघी तिथून गेल्या. तिच्या अंगठ्याखाली पिवळी गाडीही गेली, कारण थांबवायचं बटण कुठलं हे तिला अजून समजलं नव्हतं.

साडेअठ्ठावन्न.

वल्लरीचं तोंड किंचित उघडं होतं. सकाळी त्यात चार दात होते. आता हिरडी सपाट आणि गुलाबी. हे तोंड मृण्मयीच्या ओळखीचं होतं. अडीच महिन्यांची असतानाचं. आणखी एका फेरीनंतर ती जन्मली त्या दिवसाएवढी होणार, हा हिशेब सोपा होता. चौथ्या फेरीनंतर कुठे असेल, याचा हिशेब तिने केला नाही. तो तिच्या पोटाने केला.

"सारंग," ती म्हणाली, "बाकीच्या तीन गाड्या कोण चालवतं?"

"कोणी नाही. गेमच चालवतो."

"त्यांना उलटं फिरवायचं कसं?"

तो विचारात पडला. शाळेतली दोन वर्षं त्याने ही शर्यत खेळली होती, त्यामुळे घरात या विषयातला जाणकार तोच. त्याने सांगितलं ते असं, की त्या गाड्यांना डोकं नसतं. पहिल्या नंबरावर जी असेल तिच्या मागे बाकीच्या जातात. पहिली खड्ड्यात गेली तर सगळ्या खड्ड्यात.

"म्हणजे मला पहिलं यायला हवं."

सारंगने तिच्याकडे आणि तिच्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी दोन वर्षं दुसरा आलोय, मृण्मयी."

त्याच्या बघण्यात काय होतं ते तिला कळलं. स्कूटी वळवायची असली की दोन्ही बाजूंचा रस्ता रिकामा होईपर्यंत पाय टेकवून उभी राहणारी बाई, अशी तिची सासरी-माहेरी ख्याती होती. नणंद तर म्हणायची, वहिनी वळली म्हणजे संध्याकाळ झाली. आणि वल्लरी रांगायला लागल्यापासून तर विचारायला नको. पाहुणे येऊन बसले तरी ही गुडघ्यांवर, पलंगाखाली डोकं घालून, पिना शोधत. बाई, तुझ्या डोळ्यांना सुट्टी आहे का नाही, असं सासूबाईंनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं आणि सगळे हसले होते.

रिमोटची वायर आखूड होती. मृण्मयी खाली बसली, मग पोटावर पालथी झाली, आणि गाल फरशीला टेकवला.

तिथून तिला सगळं दिसलं. टीव्हीकडे बघायचीसुद्धा गरज पडेना. ही उंची तिची रोजची होती. चौदा महिन्यांत, त्यातले शेवटचे सहा तर रोज, तिने हे घर जमिनीपासून वीतभर उंचीवरून पाहिलं होतं. त्या टोपीवाल्या पोरांनी कधी पाहिलं असणार?

तिसरी फेरी सुरू झाली. चारही गाड्या स्वयंपाकघरात वळल्या. फ्रीजखाली पाणी साचतं, ओट्याच्या बाजूने दीड हात. सकाळी ती ते पुसते आणि अकरापर्यंत पुन्हा साचतं. हिरवी सरळ त्या पाण्यातून गेली आणि जागेवरच गोल फिरली. पिवळीने सिलिंडरच्या मागून वाट काढली, कोरड्या फरशीवरून, आणि तिच्या पुढे गेली.

"तिसरी," सारंग दारातून म्हणाला.

पॅसेजमध्ये आठवी फरशी हलते. डावीकडून पाय दिला तर उजवी कड वर येते आणि रांगणाऱ्या पोराचं बोट तिच्यात सापडू शकतं, म्हणून मृण्मयीने त्यावर पायपुसणं टाकलं होतं. निळी डावीकडून आली. उजवी कड वर आली. निळी पायपुसण्यासकट भिंतीवर आदळून उताणी पडली आणि तिची चाकं हवेत फिरत राहिली. ती सरळ होईपर्यंत पिवळी न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून उडी मारून बेडरूमच्या पडद्यापाशी होती.

"पडदा धर," मृण्मयी म्हणाली. सारंगने धावत जाऊन पडदा वर धरला.

राहिली लाल. लाल दणकट होती, आडवी आली की ढकलून द्यायची, आणि पलंगाखालच्या वाटेच्या मधोमध ती निवांत चालली होती. पण पलंगाखाली डाव्या बाजूला सारंगची मोठी बॅग आहे, आणि बॅग आणि भिंत यांच्यात एक फट आहे. वल्लरीचं डोकं त्या फटीत अडकेल का, हे मृण्मयीने पाच वेळा मोजलं होतं. अकरा सेंटिमीटर. डोकं अडकत नव्हतं, कारण शिरतच नव्हतं. गाडी मात्र अकराच्या जरा आत होती. तिने अंगठा दाबून ठेवला, डोळे मिटले आणि पिवळी त्या फटीत घातली. आतून दोन्ही बाजू घासल्याचा आवाज आला. मग गॅलरीचं ऊन आलं, आणि तिच्या पुढे कोणी नव्हतं.

सारंगचा आवाज बदलला. तो पहिली म्हणाला, आणि मग पुन्हा एकदा, हळूच, पहिली.

सासूबाई दिवाणाच्या कडेला येऊन बसल्या. गवार तशीच राहिली. गाड्या दिवाणाखालून धावत आल्या. पुढे पिवळी, मागे लाल, तिच्यामागे निळी. गोधडीचा फुगवटा दोन हातांवर होता आणि त्याच्यापलीकडे वल्लरी, फ्रॉकमध्ये हरवलेली, मुठी मिटून. मृण्मयीला आता थांबवायचं बटणही माहीत होतं आणि वळवायचंही. तिने रस्ता रिकामा होण्याची वाट पाहिली नाही. कर्कश आवाज करत पिवळी जागच्या जागी वळली आणि थेट लालच्या तोंडासमोर गेली.

लाल थांबली. पडद्यावरच्या चौकोनात पहिल्या टोपीवाल्या पोराने मान वळवली. मग लालही वळली. निळीही वळली.

"हिरवी कुठाय?" मृण्मयीने विचारलं.

सारंगने वाकून पाहिलं. ती दिवाणाखाली होती, कोपऱ्यात, भिंतीला नाक लावून पुढे जाण्याचा प्रयत्न करत होती. ती तिथेच राहिली असती तर फेरीमागे एक बोट, अशी दोन बोटं कायमची गेली असती. मृण्मयीने पिवळी दिवाणाखाली नेली. लाल आणि निळीही मागोमाग आत आल्या, कारण पहिली तिथे होती. तिने हिरवीला मागून नाही, बाजूने रेटलं, जसं झोपलेल्या पोराला कूस बदलायला लावतात तसं, थोडं थोडं. हिरवीचं तोंड वळलं. चौघी रांगेने बाहेर पडल्या.

आता सगळं घर उलटं आलं. गॅलरी, पलंग, उंबरा, हलणारी फरशी, पाणी. मृण्मयी सांभाळून गेली, प्रत्येक वळणावर मागच्या तिघी येईपर्यंत थांबली, आणि तिच्या नणंदेने हे पाहिलं असतं तर तिला बोलायला जागा उरली नसती. टीव्हीच्या टेबलापाशी फेरीचा आकडा तीनवरून दोनवर आला.

पण या बाजूने गोधडी सपाट होती. उडायला काही नव्हतं. गाड्या उडाल्या नसत्या, अंगावर गेल्या असत्या.

हे सांगायला मृण्मयीने तोंड उघडलं, तोवर सासूबाईंनी सुपातली गवार दिवाणावर पालथी केली होती. गुडघे धरून त्या खाली बसल्या आणि सूप गोधडीशी उपडं ठेवलं, पसरट कड गाड्यांकडे, उंच कड पोरीकडे. दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

"आण," त्या म्हणाल्या.

पिवळी सुपावरून चढली आणि उडाली. लाल उडाली. निळी उडाली. हिरवी जरा वाकडी उडाली, पण उडाली. फ्रॉकच्या बाहीतून वल्लरीची बोटं बाहेर आली.

साडेपासष्ट. सारंगने मोजलं, कारण मृण्मयीचे हात गुंतले होते. पुढच्या फेरीनंतर त्यानेच पुन्हा मोजलं, आणि टेप दोनदा नीट सरळ करून साडेबहात्तर म्हणाला. वल्लरीच्या तोंडात चार दात होते, खाली दोन, वर दोन. सासूबाईंनी सुपावरचे हात काढले आणि पदराने तोंड पुसलं. सारंग हसायला लागला होता, शाळेतल्या पोरासारखा, आवाज न करता.

"जिंकलीस की गं," सासूबाई म्हणाल्या. "बास आता. ठेव तो रिमोट."

टीव्हीवर फेरीचा आकडा एक होता. मृण्मयीने तो पाहिला. मग तिला कार्ड आठवलं, पाच वाकड्या रेघा, खालून दुसरी.

"एकच," ती म्हणाली.

"मृण्मयी. झालं तेवढं पुरे."

"आई, एकच. सूप धरा."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सूप धरलं.

ती फेरी मृण्मयी जी काही खेळली, तशी त्या यंत्रावर कोणी खेळलं नसेल. ती कुठेच थांबली नाही. उंबऱ्यावरून उतरून तिने हलत्या फरशीचा उपयोग करून स्वयंपाकघरापर्यंत उडी मारली. फ्रीजखालच्या पाण्यातून चौघींना तिरकं घसरत नेलं आणि ओट्याच्या पायापासून बोटभर अंतरावर सरळ केलं. चारही गाड्या एका दोरीत ओवल्यासारख्या तिच्यामागे होत्या, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिन्ही टोपीवाली पोरं आता खाली बघत होती. सारंग पडदा धरून उभा होता आणि मोठ्याने काहीतरी ओरडत होता, ते तिला ऐकू आलं नाही. टेबलापाशी आकडा शून्य झाला. सूप चार वेळा वाजलं.

साडेएकोणऐंशी. कार्डावर हे टिंब वरून दुसऱ्या रेघेच्याही वर पडलं असतं. सारंगने टेप मृण्मयीला दाखवली, तिचाच विश्वास बसत नसेल म्हणून. ती पालथीच होती, गाल फरशीवर, आणि फरशी गार आणि छान लागत होती. घरात इतकं सगळं तिच्या ताब्यात कधीच नव्हतं.

मग वल्लरी जागी झाली.

ती रडली नाही. आधी बसली, तळवे गोधडीवर टेकवून, आणि तिन्ही माणसांत आणि चारही गाड्यांत काय चाललंय ते पाहिलं. फ्रॉक आता गुडघ्याच्या बराच वर होता. तिने पाय ओढून घेतले. सोफ्याचा, दिवाणाचा, आजीच्या खांद्याचा, कशाचाही आधार न घेता ती उभी राहिली. इतके दिवस सोसायटीतल्या बायका विचारायच्या, अजून उभी राहत नाही का, आणि मृण्मयी हसून विषय बदलायची.

"हलू नका कोणी," मृण्मयी म्हणाली.

कोणी हललं नाही. झोपलेलं कोणी नसल्यामुळे गाड्यांना ओलांडायला काही उरलं नव्हतं. त्या वल्लरीच्या मागे येऊन एका रांगेत उभ्या राहिल्या, पिवळीसुद्धा, आणि मृण्मयीच्या अंगठ्याखालचं बटण दाबलं गेलं तरी तिथून हलली नाही.

वल्लरीने एक पाऊल टाकलं. थांबली, डुलली, सावरली. दुसरं टाकलं. ती सरळ रेषेत चालली होती, गॅलरीतल्या उन्हाकडे, आणि गॅलरी आणि तिच्या मधोमध तिची आई पालथी पडली होती.

सारंगने फोन काढला होता, पण तो त्याच्या हातात तसाच राहिला. तिसरं पाऊल. चौथं. गाड्या मागून रांगेने येत होत्या, तिच्या चालीने, न घाई करता. मृण्मयीला आता फरशीवरून दोन अनवाणी पाय दिसत होते, टाचा किंचित उचललेल्या, अंगठ्यांना गोधडीचा दोरा चिकटलेला. ते तिच्या कुशीपाशी येऊन थांबले.

सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मृण्मयी, ऊठ गं. ओलांडेल ती तुला."

वल्लरीने उजवा पाय उचलला.

मृण्मयीने श्वास सोडला, खांदे सैल केले आणि अंग आणखी फरशीला चिकटवलं, म्हणजे तिला पाय फार उंच उचलावा लागू नये.